टेक्सासची ॲनी आणि मन्रो स्ट्रीटची ॲनी : एका आयरिश मुलीच्या शोधाचे प्रकरण

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे नवे तपासणी केंद्र उघडले आणि तेथील वहीत पहिले नाव चढले ते ॲनी मूर या आयरिश मुलीचे. २० डिसेंबर १८९१ रोजी ती कॉर्क काउंटीतील क्वीन्सटाउन बंदरातून ‘नेव्हाडा’ या आगबोटीवर चढली होती. त्या बंदराला आज कोव्ह म्हणतात. प्रवास सर्वांत स्वस्त तिकिटाच्या, बोटीच्या पोटातल्या भागातून झाला आणि सोबत अँथनी व फिलिप हे दोन धाकटे भाऊ होते. मॅथ्यू व ज्यूलिया हे त्यांचे आईवडील १८८८ मध्येच न्यूयॉर्कला येऊन मन्रो स्ट्रीटवर ३२ क्रमांकाच्या घरात राहत होते. म्हणजे ही तीन मुले सुमारे तीन वर्षे आईवडिलांवाचून मागे राहिली होती. केंद्राचे प्रमुख कर्नल जॉन वेबर यांनी ॲनीला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे दिले, वर्तमानपत्रांनी तिला गुलाबी गालांची पंधरा वर्षांची मुलगी म्हणून छापले, आणि पुढे १९५४ पर्यंत ज्या केंद्रातून १ कोटी २० लाखांहून अधिक माणसे अमेरिकेत आली, त्याच्या इतिहासाचे पहिले पान कायमचे तिच्या नावावर झाले.

नाणे घेऊन ती बेटावरून निघाली, त्यानंतर तिचे काय झाले, एवढाच या प्रकरणातील प्रश्न आहे. या प्रश्नाचे एक उत्तर कित्येक वर्षे सर्वमान्य होते आणि ते चुकीचे होते. ते चुकीचे असल्याचे कसे उघड झाले, आणि त्याहून अवघड म्हणजे बरोबर उत्तर कोणत्या वाटेने सापडले, याचा माग येथे घेतला आहे. आयरिश, जर्मन किंवा इटालियन स्थलांतरितांचा वंश शोधणाऱ्याला ज्या बहुतेक अडचणी येतात, त्या या एका मुलीच्या शोधात एकत्र आल्या आहेत.

मान्य झालेली कथा

सर्वमान्य कथेतली ॲनी न्यूयॉर्कमध्ये थांबत नाही. ती पश्चिमेकडे जाते, टेक्सासमध्ये पोहोचते, तेथे एका आयरिश वंशाच्या गृहस्थाशी लग्न करते, संसार थाटते आणि अखेर १९२० च्या दशकात फोर्ट वर्थजवळ ट्रामच्या धडकेने तिचा मृत्यू होतो. या टेक्सासच्या ॲनीचे वंशज खरे होते, त्यांच्या आजी-पणजीचे नाव खरोखर ॲनी मूर होते, आणि ती एलिस बेटावर उतरलेली पहिली मुलगी होती असे ते घरात ऐकत आले होते. त्यांना समारंभांना सन्मानाने बोलावले जात असे. त्यात कोणी लबाडी केली असे मानण्याचे कारण नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आणि वर्तमानपत्रात छापून आलेले एका नावावर जुळले, आणि दोन्ही बाजूंना ते जुळावेसे वाटत होते, म्हणून कोणी खोलात गेले नाही.

ही कथा इतकी पटकन पटण्याचे दुसरेही एक कारण मला दिसते. अमेरिकेला स्वतःबद्दल जे सांगायला आवडते, त्यात माणूस बंदरावर उतरतो आणि मोकळ्या जमिनीच्या ओढीने पश्चिमेला जातो. बंदरावर उतरून चार गल्ल्या पलीकडच्या दाटीच्या चाळवजा इमारतीत जन्म काढणारी माणसे संख्येने कितीतरी अधिक होती. पण त्यांच्यापैकी एकीची कथा पहिल्या पानावर शोभली नसती. टेक्सासची ॲनी त्या साच्यात नेमकी बसली.

कागदाची पहिली हरकत

अमेरिकी वंशावळ-अभ्यासक मेगन स्मोलेन्याक या शतकाच्या सुरुवातीस दूरचित्रवाणीच्या एका माहितीपटासाठी काम करत होत्या. एलिस बेटावरील पहिल्या मुलीचा पुढचा जीवनक्रम कागदोपत्री दाखवायचा, एवढेच त्यांना करायचे होते. कथा खोटी ठरवण्याचा हेतू नव्हता. पण टेक्सासच्या ॲनीचे कागद पाहताना तिचे जन्मस्थान आयर्लंड नव्हे, तर अमेरिकेतील इलिनॉय राज्य असल्याचे दिसू लागले. जी अमेरिकेतच जन्मली, ती १८९२ साली क्वीन्सटाउनहून स्थलांतरित म्हणून येऊ शकत नाही.

येथे सावधपणे थांबावे लागते. अमेरिकी जनगणनेतील जन्मस्थान हे घरात त्या दिवशी जो भेटला त्याने सांगितलेले असते. कधी घरमालकीण सांगते, कधी शेजारी, आणि प्रगणकाने कोणाला विचारले हे बहुतेक वर्षांच्या तक्त्यांत लिहिलेले नसते. मृत्यूच्या दाखल्यावरील जन्मस्थान मयताने सांगितलेले असणे तर अशक्यच. ते मुलाने किंवा जावयाने सांगितलेले असते. त्यामुळे असा एकटा कागद पुढे करून कोणाचे आयरिशपण काढून घेता येत नाही. मात्र निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या कारणांसाठी केलेल्या नोंदी एकच सांगू लागल्या आणि त्यात खोटे सांगण्यात कोणाचा लाभ दिसत नसला, तर त्यांचे वजन घरगुती आठवणीपेक्षा जास्त धरावे लागते.

खरे पाहता हरकतीचा एक मुद्दा पहिल्या दिवसापासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. १८९२ च्या बातम्यांनीच सांगितले होते की ही भावंडे न्यूयॉर्कमध्ये आईवडिलांकडे जात आहेत. शोध घेणाऱ्याने तेथून निघून मॅथ्यू आणि ज्यूलिया मूर यांचे बिऱ्हाड पुढे कोठे गेले हे पाहायला हवे होते. प्रत्यक्षात शोध उलट्या दिशेने झाला होता. आधी टेक्सासमधील कुटुंब मिळाले आणि मग त्याला बेटापर्यंत जोडणारी दोरी वळली गेली. आपल्याकडेही कुलवृत्तांत लिहिताना एखादा ऐतिहासिक पुरुष आधी ठरवायचा आणि मग आपले घराणे त्याच्यापर्यंत नेऊन भिडवायचे, असे प्रकार घडतातच. वंशावळीचे काम ज्ञाताकडून अज्ञाताकडे, एकेका पिढीचा पुरावा हाती घेत करायचे असते, हे सर्वांना ठाऊक असते, आणि प्रसिद्ध नाव समोर आले की ते सर्वजण विसरतात.

सरळ वाट का बंद होती

टेक्सासची ॲनी बाद झाली, तरी खरी ॲनी सापडली नव्हती. स्मोलेन्याक यांनी विषय काही काळ बाजूला ठेवला. एवढ्या प्रसिद्ध मुलीचा माग लागत नाही, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटते. कागदांची स्थिती समजून घेतली की ती तशी वाटत नाही.

पहिली अडचण नावाची. मूर हे आयर्लंडमधील सर्वाधिक आढळणाऱ्या वीसेक आडनावांपैकी एक आहे आणि त्याच आडनावाची घराणी इंग्लंडमध्येही मुबलक आहेत. नेव्हाडावरील उतारूंना त्या दिवशी बेटावर नेणाऱ्या छोट्या बोटीचे नावसुद्धा ‘जॉन ई. मूर’ होते. ॲनी हे नावही तितकेच सर्वसामान्य, आणि कागदावर ते कधी ॲन, कधी ॲना, कधी हॅना म्हणून उतरते. अशा जोडीचा शोध केवळ नावाने घेतला तर न्यूयॉर्कमध्येच डझनावारी उमेदवार हाती येतात.

दुसरी अडचण उतारूंच्या यादीची. स्थलांतरितांच्या शोधात या यादीवर लोकांची फार भिस्त असते, पण ती कोणत्या वर्षाची आहे यावर तिचे मोल ठरते. १८९२ च्या आरंभी आगबोट कंपन्या जी यादी सादर करत, तिच्यात नाव, वय, लिंग, धंदा, देश आणि सामानाचे नग यांपलीकडे फारसे काही नसे. पुढच्याच वर्षी, १८९३ च्या कायद्याने, शेवटचा राहता पत्ता, लिहिता-वाचता येते का, तिकिटाचे पैसे कोणी भरले, कोणत्या नातेवाइकाकडे जायचे आहे असे प्रश्न वाढले; आणि १९०७ पासून मायदेशातील जवळच्या नातेवाइकाचे नाव व पत्ता विचारला जाऊ लागला. ॲनी दीड वर्ष उशिरा आली असती तर तिच्या वडिलांचे नाव व पत्ता यादीतच मिळण्याची शक्यता होती. तिच्याबाबतीत ते काम वर्तमानपत्राने केले, आणि हे भाग्य बेटावर उतरलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या किंवा शंभराव्या माणसाच्या वाट्याला आले नाही.

याच ठिकाणी दोन समजुतींचे निराकरण केलेले बरे. एलिस बेटावरील कारकुनांनी लोकांची आडनावे बदलली, असे असंख्य कुटुंबांत सांगितले जाते. तेथील कारकून नावे नव्याने लिहून घेत नसत. निघण्याच्या बाजूला आगबोट कंपनीने तयार केलेली यादी समोर ठेवून ते तपासणी करत. आडनावे बदलली ती बहुधा पुढे शाळेत, कामावर किंवा नागरिकत्व घेताना, आणि बहुतेकदा माणसांनी स्वतःच्या इच्छेने. दुसरी समजूत आगीची. १५ जून १८९७ च्या रात्री बेटावरील लाकडी इमारत जळाली आणि केंद्राचे पुष्कळ दप्तर त्यात गेले, हे खरे आहे. परंतु जकात खात्याकडे दिलेल्या उतारूंच्या याद्या वेगळ्या ठेवलेल्या असल्याने वाचल्या. म्हणूनच नेव्हाडाची यादी आज पाहता येते.

तिसरी अडचण जनगणनेची. मूर दांपत्य १८८८ मध्ये आले, म्हणजे ते १८९० च्या जनगणनेत न्यूयॉर्कमध्ये सापडायला हवे होते. पण जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथील वाणिज्य खात्याच्या इमारतीला लागलेल्या आगीत त्या जनगणनेची बहुतांश पाने जळाली वा भिजून निकामी झाली. त्यामुळे १८८० नंतरच्या वीस वर्षांत अमेरिकेत आलेल्या बहुतेक कुटुंबांची पहिली राष्ट्रीय शिरगणती १९०० सालचीच मिळते. आणि तोपर्यंत अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आलेली मुलगी पंचवीस-सव्वीस वर्षांची झालेली असते, लग्न झालेले असते, आणि ती ॲनी मूर राहिलेली नसते.

शोध खरा अडतो तो या चौथ्या ठिकाणी. लग्नानंतर आडनाव गेले की मुलीचा धागा तुटतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको, कारण आपल्याकडे तर एकेकाळी लग्नात मुलीचे पहिले नावही बदलले जाई. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आजे-पणज्यांची रांग स्पष्ट दिसते, आणि त्यांच्या बहिणी शोधायला गेले की त्या कोणत्या सासरच्या चोपडीत कोणत्या नावाने नोंदल्या गेल्या, हे आधीच माहीत असावे लागते. अमेरिकेत याला कायद्याचीही जोड होती. परदेशी स्त्रीने अमेरिकी नागरिकाशी लग्न केले की ती त्या लग्नानेच नागरिक होई, आणि ही तरतूद १९२२ पर्यंत टिकली. याचा अर्थ असा की त्या काळातील बहुतेक विवाहित स्त्रियांच्या नावाने नागरिकत्वाचा स्वतंत्र अर्जच नसतो. पुरुषाच्या शोधात जो कागद सर्वांत उपयोगी पडतो, तो स्त्रीच्या शोधात मुळात तयारच झालेला नसतो.

भावाच्या वाटेने

स्मोलेन्याक यांनी २००६ च्या उन्हाळ्यात विषय पुन्हा हाती घेतला. खऱ्या ॲनीचा पुरावा देणाऱ्यास १,००० डॉलरचे बक्षीस त्यांनी जाहीरपणे लावले. न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखान्याचे आयुक्त ब्रायन अँडरसन आणि इतर अभ्यासक कामाला लागले, आणि जे काही वर्षे अडून राहिले होते ते सुमारे सहा आठवड्यांत सुटले.

निर्णायक कागद ॲनीचा नव्हता. अँडरसन यांना धाकट्या भावाचा, फिलिप मूर याचा, नागरिकत्वाचा दाखला मिळाला. फिलिप पुरुष असल्याने त्याचे आडनाव बदलले नव्हते आणि नागरिकत्वासाठी त्याला स्वतः न्यायालयात जावे लागले होते. त्यानंतर १९३० च्या जनगणनेत फिलिप आपल्या मुलीसह सापडला. जनगणनेची पाने अमेरिकेत ७२ वर्षे गोपनीय ठेवली जातात, त्यामुळे १९३० ची पाने २००२ च्या एप्रिलमध्येच खुली झाली होती. काही वर्षे आधी हाच शोध घेणाऱ्याला हा टप्पा ओलांडता आला नसता. त्या मुलीचा माग सामाजिक सुरक्षा खात्याच्या मृत्युसूचीत लागला, आणि तेथून फिलिपच्या हयात नातवंडापर्यंत पोहोचता आले. आपल्या आजोबांची बहीण कोण होती, तिचे लग्न कोणाशी झाले, हे त्या घरात ठाऊक होते.

या साखळीकडे बारकाईने पाहिले तर एक विशेष जाणवतो. शोध १८९२ पासून सरळ पुढे येत नाही. तो भावाकडे वळतो, भावावरून खाली त्याच्या मुलीकडे व नातवंडाकडे उतरतो, तेथे जिवंत माणसाच्या आठवणीला स्पर्श करतो आणि मग परत वर चढून बहिणीकडे येतो. ज्या घरगुती आठवणीने टेक्सासकडे दिशाभूल केली, तीच येथे उपयोगी पडली. फरक असा की टेक्सासमध्ये आठवण हाच पुरावा धरला गेला होता. येथे आठवणीतून केवळ आडनाव घेतले आणि त्या आडनावाची परीक्षा पुन्हा कागदांवर केली. हे आडनाव होते शेयर.

शेयर आडनाव हाती येताच बंद कपाटे एकामागून एक उघडली. ॲनीने जोसेफ ऑगस्टस शेयर याच्याशी लग्न केले होते. तो जर्मन कॅथलिक स्थलांतरितांचा मुलगा, मॅनहॅटनमधील फुल्टन मासळी बाजारात विक्रेता होता. तिला किमान अकरा मुले झाली; त्यांपैकी पाच मोठी झाली, बाकीची वयाची तीन वर्षेही पूर्ण होण्याआधी गेली. अशा दगावलेल्या मुलांचा हिशेब कागदांवर कसा मिळतो, हेही पाहण्यासारखे आहे. १९०० आणि १९१० च्या अमेरिकी जनगणनेत विवाहित स्त्रीला दोन आकडे विचारले जात : एकूण किती मुले झाली आणि आज किती हयात आहेत. कोरड्या तक्त्यातील त्या दोन रकान्यांमधली वजाबाकी हीच अनेक घरांतील तान्ह्या मृत्यूंची एकमेव शिल्लक नोंद असते. दोन जनगणनांच्या मधल्या काळात जन्मून गेलेले मूल नावाने कोणत्याच जनगणनेत येत नाही; त्यासाठी शहराच्या जन्म-मृत्यू नोंदी चाळाव्या लागतात. न्यूयॉर्क शहराच्या या नोंदी राज्याच्या दप्तरात नसून शहराच्या स्वतंत्र दप्तरखान्यात असतात, आणि हे माहीत नसल्याने पुष्कळांचे अर्ज वर्षानुवर्षे चुकीच्या कचेरीत जात राहतात.

ॲनीने अमेरिकेतले जवळजवळ सारे आयुष्य मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात काढले, ज्या मन्रो स्ट्रीटवर आईवडील तिची वाट पाहत होते त्याच्याच आसपास. ६ डिसेंबर १९२४ रोजी, पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने ती गेली. न्यूयॉर्क शहराच्याच क्वीन्स भागातील कॅल्व्हरी दफनभूमीत, जेथे सुमारे तीस लाख माणसे पुरली आहेत, तिची जागा ऑगस्ट २००६ मध्ये निश्चित झाली. तिच्यावर नावाचा दगड नव्हता. दगड नसलेली कबर सापडू शकते याचे कारण कॅथलिक दफनभूमीचे कार्यालय. जमिनीवर खूण असो वा नसो, कोणत्या तारखेस कोण कोठे पुरले गेले याची वही तेथे राहते, आणि एकाच जागेत पुरलेल्यांची नावे एकत्र मिळत असल्याने ती वही कधी कधी नातेसंबंधाचा पुरावाही ठरते.

आयर्लंडच्या बाजूचा पुरावा

अमेरिकेतील साखळी जुळली, तरी ती कॉर्कमधील योग्य मुलीला बांधलेली आहे का, हा प्रश्न उरतोच. आयरिश वंश शोधू लागणाऱ्याला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगते की आयर्लंडचे सगळे दप्तर १९२२ मध्ये जळाले. हे अर्धसत्य आहे आणि त्याने फार नुकसान केले आहे. यादवी युद्धाच्या आरंभी, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनमधील फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक दप्तरखाना स्फोटात आणि आगीत नष्ट झाला. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या जनगणना, मृत्युपत्रे आणि प्रोटेस्टंट चर्चच्या अर्ध्याहून अधिक वह्या तेथे गेल्या. १८६१ ते १८९१ पर्यंतच्या चार जनगणना मात्र त्या आगीत जळालेल्या नाहीत. त्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, शेवटच्या दोन तर पहिल्या महायुद्धात कागदाचा तुटवडा होता म्हणून लगद्यात घातल्या. वाचले ते कितीतरी : १८६४ पासूनची जन्म-मृत्यू-विवाहाची नागरी नोंद, कॅथलिक चर्चच्या वह्या, १८४७ ते १८६४ दरम्यान घराघराचे व शेताशेताचे मूल्यांकन करणारी ग्रिफिथ यांची पाहणी, आणि १९०१ व १९११ च्या संपूर्ण जनगणना. डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये कॅथलिक वह्यांच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या. स्मोलेन्याक यांच्या शोधाच्या वेळी ही सोय नव्हती.

मूर कुटुंबाचा काळ मात्र नेमका दोन दगडांच्या मधल्या फटीत पडतो. ग्रिफिथच्या पाहणीनंतर जन्मलेली आणि १९०१ च्या जनगणनेपूर्वी देश सोडून गेलेली ही मुले आयर्लंडच्या कोणत्याच उपलब्ध जनगणनेत नाहीत. उरतात जन्माची नागरी नोंद आणि बाप्तिस्म्याची वही. नागरी नोंदीत बापाचा धंदा व आईचे माहेरचे आडनाव असते, आणि मूर-ॲनीसारख्या सामान्य जोडीत हे माहेरचे आडनावच एका ॲनीला दुसरीपासून वेगळे करते. चर्चच्या वहीत नावे पुष्कळदा लॅटिन रूपात असतात आणि मुलाला हातात धरणारे धर्ममाता-धर्मपिता नोंदलेले असतात, जे सहसा मामा, मावशी, काका, आत्या यांपैकी असतात. दोन्ही नोंदी मिळाल्या आणि तारखा जुळल्या नाहीत तर घाबरण्याचे कारण नाही. मुदतीनंतर जन्म नोंदवल्यास दंड होत असे, म्हणून पालक जन्मतारीख पुढे ढकलून सांगत, आणि त्यामुळे बाप्तिस्मा जन्माच्या आधी झाल्याचे चमत्कारिक दृश्य या वह्यांत अनेकदा दिसते. अशा वेळी बाप्तिस्म्याची तारीख खरी मानावी, असे माझे मत आहे. पाद्र्याला दंडाशी कर्तव्य नव्हते.

ॲनीची जन्मतारीख २४ एप्रिल १८७४ ठरते. म्हणजे बेटावर उतरली तेव्हा ती सतरा वर्षे आठ महिन्यांची होती. १ जानेवारी हा तिचा पंधरावा वाढदिवस होता, ही वर्षानुवर्षे सांगितली गेलेली गोष्ट त्याबरोबरच निकालात निघते. अँथनी त्या वेळी नुकताच पंधरा वर्षांचा झाला होता आणि फिलिप बाराचा. गर्दीत बातमीदाराने भावाचे वय बहिणीला चिकटवले असावे, हा तर्क मोहक आहे. पण तो तर्कच आहे आणि वंशावळीत त्याला जागा नाही. वयाबाबत एवढेच लक्षात ठेवावे की स्थलांतरितांच्या कागदांवरील वय म्हणजे अंदाज. दोन-तीन वर्षांच्या फरकाने उमेदवार बाद केला असता, तर खरी ॲनी पंधरा वर्षांची नाही म्हणून पहिल्याच फेरीत हातची गेली असती, आणि या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग माझ्या मते हाच आहे : वयाची तफावत सोसण्याजोगी होती, जन्मदेशाची तफावत नव्हती. कोणती विसंगती पोटात घालायची आणि कोणत्या विसंगतीपुढे कथा सोडून द्यायची, हा विवेक कोणत्याही सूचीत मिळत नाही.

ओळख पक्की कशावर झाली

सप्टेंबर २००६ मध्ये निष्कर्ष न्यूयॉर्कमध्ये जाहीर झाला. तो मान्य होण्याचे कारण एखादा ठळक दस्तऐवज नव्हता. ‘मी एलिस बेटावर प्रथम उतरले’ असे ॲनी शेयरच्या कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेले असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तशी विचारणा करणारा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. ओळख पटते ती संचाने. ॲनी, अँथनी आणि फिलिप ही तीन नावे याच क्रमाने, मॅथ्यू आणि ज्यूलिया या आईवडिलांसह, न्यूयॉर्कच्या त्याच वस्तीत, कॉर्कच्या मुळाशी जुळतात. एकट्या ॲनी मूर शेकडो असतील. हे पाच जणांचे कुटुंब पुन्हा तसेच आढळणे जवळपास अशक्य आहे. आयरिश शोधात गाव निश्चित करतानाही हीच युक्ती चालते. देशात साठ हजारांहून अधिक छोटी शिवारवजा गावे आहेत आणि एकाच नावाची गावे अनेक काउंट्यांत आहेत, तेव्हा एका माणसाऐवजी भावंडांचा पूर्ण संच घेऊन चर्चची वही चाळावी लागते.

एक गोष्ट या संचातूनही कळत नाही : रांगेत पहिली ॲनीच का आली. त्या दिवशी तीन बोटींतून सुमारे सातशे माणसे उतरली. नव्या केंद्राचे उद्घाटन इंग्रजी बोलणाऱ्या, आईवडिलांकडे निघालेल्या तरुण मुलीने व्हावे, अशी योजना अधिकाऱ्यांनी केली असणे शक्य आहे आणि मला ते संभवनीय वाटते.

टेक्सासच्या वंशजांना जे गमवावे लागले, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. त्यांची पणजी खरी होती, तिचे कष्ट खरे होते, तिचा अपघाती मृत्यू खरा होता. फक्त नेव्हाडा बोट तिची नव्हती. वंशशोधाच्या लेखनात चुकीचे कुटुंब बाद झाले की ते पानावरून नाहीसे होते. इलिनॉयमध्ये जन्मून टेक्सासपर्यंत गेलेल्या त्या ॲनीची स्वतंत्र वंशावळ तिच्या माणसांनी नव्याने लिहायला घेतली, तर तिची सुरुवात करण्यासाठी त्यांच्या हाती आता खरे जन्मस्थान आहे.

११ ऑक्टोबर २००८ रोजी कॅल्व्हरीतील त्या जागेवर आयर्लंडच्या निळसर चुनखडीतून घडवलेला केल्टिक क्रूस उभारण्यात आला. शिल्पकार जीन राइनहार्ट यांनी घडवलेले ॲनीचे पुतळे १९९३ पासूनच कोव्हच्या धक्क्यावर आणि एलिस बेटावर उभे होते. कोव्हला ती दोन भावांसह आहे, एलिस बेटावर एकटी. ते उभारले गेले तेव्हा तिचा पुढचा प्रवास टेक्सासचा समजला जात होता. २००६ नंतर पुस्तके व फलक दुरुस्त करावे लागले, पण या दोन्ही पुतळ्यांत काही बदलावे लागले नाही. त्यांत बोटीवर चढण्याआधीची आणि बोटीवरून उतरलेली मुलगी एवढीच आहे.